गेल्या वर्षीचं मेण

माझा बाप मेण मोजायचा.
माणसं नाही. माणसं काय,
शंभर आली तर दुसऱ्या दिवशी वाड्यावर तीनशे होतात.
मेण खोटं बोलत नाही, म्हणायचा.

फेस्ताच्या दुसऱ्या पहाटे खुरपं नि डालड्याचा डबा घेऊन
टेकडीच्या एकशेबारा पायऱ्या तो खरवडत उतरायचा,
वर सायबिणीपासून खाली डांबरी रस्त्यापर्यंत.
मग परसात, तीन दगडांवर,
सगळं वितळवून, आईच्या विटक्या साडीतून गाळून
बांबूच्या नळ्यांत ओतायचा.
म्हणजे दर वर्षी कुणाचं तरी जुनं मागणं
दुसऱ्याच कुणाच्या हातात पुन्हा पेटायचं.
पाद्रींना हे फारसं पटत नसे.
पण दुकानापेक्षा स्वस्त पडायचं.

यंदा बस्त्याव सांकिस्तांव
पायथ्याच्या खुरसाशी बसलाय,
लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.

नोव्हेनाची नववी सांज.
वेंगुर्ल्याच्या बाजूनं खारा वारा,
त्यात कलमांच्या मोहोराचा तुरट वास.
चौघांच्या खांद्यावर सायबीण,
नाकाचा रंग उडालेली, गळ्यात अबोलीचा वळेसर.
मागे आम्ही.
रोझार पुढून मागे सरकत जातो लाटेसारखा,
पुढच्यांचं आमेन होतं
तेव्हा मागच्यांची सुरुवातही नसते.
इनासचा पोरगा कागदाचा द्रोण जाळून बसतो, थोबाडीत खातो.
कुडाळच्या दवाखान्यातून तशीच आलेली मार्सेलीन नर्स
पांढऱ्या बुटांनी.
आणि गाबतीण सुलभा केळुसकर,
जिच्या हातात मेणबत्ती नाही, मेणाची होडी आहे,
वीतभर, वल्ह्यासकट.
कुणाची, ते कुणी विचारत नाही.
होडी धरण्याच्या पद्धतीवरूनच कळतं.

वळणावर रेडीची शेवटची एस.टी. येते.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही.
दिवे घालवतो. मग इंजिन.
काळोखात ती लाल गाडी
खुंटाला बांधलेल्या गुरासारखी उभी.
खिडकीतली एक बाई अंबाड्यावरचं फूल काढते,
काच सरकवून आमच्याकडे टाकते.
ते सायबिणीपर्यंत पोचत नाही,
कुणाच्या तरी पायाखाली जातं.

तिथंच माझी विझली.

शेजारीण कलली लगेच, आपली ज्योत घेऊन.
मी उगाच म्हटलं, राहू दे.
का, ते मलाही माहीत नाही.
सहा वर्षं एकच मागणं मागून
थोडी लाज वाटायला लागली होती बहुतेक,
जशी उधारीच्या दुकानासमोरून जाताना वाटते.
एवढ्या उजेडात एक हात काळोखाचा
घेऊन चालले. कुणाला काही फरक पडला नाही.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खुरसाशी आले तशी
बापानं मान वर केली. नाक ओढलं.
"तुजी इझली मगे?"
"कसां कळलां?"
"वातीचो वास. जळत्या वातीक वास नसता."
हात पुढे केला. मी मेणबत्ती दिली.
अंगठ्यानं चाचपून म्हणाला,
"अर्धीय जळाक नाय. ही ठेव.
माणसां किती होती?"
मी सांगितलं, चारशे.
हसला.
"सकाळी बघूया."

सकाळी मी खुरपं घेऊन गेले.
मेण थंडीनं कडक, नखानं सुटणारं.
बत्तिसाव्या पायरीवर
एक रबरी चपलेचा ठसा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पुरा,
आत चिरडलेली पाकळी.
तेवढा सोडून पुढे गेले.
डबा पाऊणसुद्धा भरला नाही.

घरी तो हातात घेऊन बसलाय,
वजन करतोय.
"दोनशे," म्हणतो. "चल, दोनशे दहा."
मी चुलीत सोडण घालते
आणि माझी अर्धी मेणबत्ती
त्याच्या नकळत डब्यात सोडते.
नकळत कसली.